बाथरूम केंद्र आणि सूर्याचा भडका

सूर्य आणि मी यांच्यात पूर्वी कधी वाकडं नव्हतं. तो त्याच्या वेळेला उगवायचा, मी माझ्या वेळेला उठायचो, आणि या दोन वेळांत भरपूर अंतर असल्यामुळे एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करायचा प्रश्नच यायचा नाही. मी विमा कंपनीत दावे तपासतो. पूर, वादळ, भूकंप, वीज पडणे या सगळ्यांसाठी आमच्याकडे वेगवेगळे रकाने आहेत. सूर्यासाठी रकाना नाही. त्यामुळे हा गृहस्थ निरुपद्रवी आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. सासऱ्यांच्या रेडिओपायी ती समजूत गेली, आणि जाताना आमचं बाथरूमही काही दिवस सोबत घेऊन गेली.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. येताना त्यांनी एक ट्रंक आणली, एक काठी आणली, जी ते टेकायला नव्हे तर बोलताना दिशा दाखवायला वापरतात, आणि एक शॉर्टवेव्ह रेडिओ आणला. रेडिओ म्हणजे आमच्या सुनांच्या पिढीला, आम्हाला सुना असत्या तर, मायक्रोवेव्ह वाटावा असा. त्यासाठी त्यांना बाल्कनीची खोली दिली. तिथे माझी आरामखुर्ची होती, एवढंच नोंदवून मी पुढे जातो.

अण्णा रेडिओ ऐकतात म्हणजे गाणी, बातम्या ऐकतात असं कोणाला वाटेल. कार्यक्रमात त्यांना काडीचा रस नाही. स्टेशन जितकं लांबचं, जितकं बारकं आणि जितकं खरखरणारं, तितका त्यांना आनंद. कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून, काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करत ते बसतात. एखादं स्टेशन लागलं की काय ऐकू आलं, किती स्पष्ट आलं, मध्ये खरखर किती होती, हे सगळं लिहून ते त्या स्टेशनला पाठवतात. स्टेशनवाले तपासून बघतात आणि खरं असेल तर ‘होय, तुम्ही आम्हालाच ऐकलंत’ असं एक कार्ड पाठवतात. त्याला अण्णा पोचकार्ड म्हणतात. जगभरात या नादाची माणसं आहेत म्हणे, आणि नियम सगळीकडे एकच. स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असलं पाहिजे. ऐकणाऱ्याने खोटं लिहायचं नाही आणि ज्याला ऐकलं त्याने कार्ड नाकारायचं नाही.

अण्णांच्या खोलीची एक पूर्ण भिंत या कार्डांनी भरली होती. फक्त मधोमध एक चौकोन रिकामा. ती जागा एका बेटासाठी राखून ठेवली होती. बेट एवढं लहान की आमच्या नकाशाच्या पुस्तकात त्यावर माशी बसली तर किनाऱ्यासकट झाकलं जाईल. तिथलं स्टेशन रविवारी दुपारी थोडा वेळ लागायचं, म्हणजे लागायचं असं ऐकिवात होतं. अण्णा वर्षानुवर्षं दर रविवारी त्या काट्यावर पहारा देत होते. एकदा त्यांना तिथला निवेदक खोकल्याचा भास झाला होता. पण नुसत्या खोकल्यावर कार्ड मिळत नाही.

एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या भूगोलबाई जिना चढून आल्या. या निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडेही तसलाच रेडिओ आहे, आणि अण्णांचं आणि त्यांचं नातं मैत्री आणि भाऊबंदकी यांच्या बरोबर मधलं आहे. त्या म्हणाल्या, “अण्णा, तुमचं बेट बंद होतंय. महिन्याच्या शेवटच्या रविवारी शेवटचा कार्यक्रम. मग ट्रान्समीटर मोडीत.”

अण्णांनी काठी जमिनीवर ठेवली. “माझी भिंत अर्धवट राहणार म्हणायची,” ते म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशी जेवताना त्यांनी मीठ कमी असल्याचं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने मुद्दाम मीठ घातलंच नाही, तरी ते गप्प जेवले. मग मात्र ती घाबरली.

“अहो, बाबांसाठी काहीतरी करा.”

“मी काय करू? बेट इकडे ओढून आणू?”

“आणा.”

आमच्या घरी चर्चा अशा लोकशाही पद्धतीने होतात. मी कामाला लागलो.

भूगोलबाईंच्या मते मुख्य अडचण एरियलची होती. गच्चीवर लांब तार बांधली तर बेट येऊ शकेल. गच्चीवर काही बसवायचं तर सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी लागते. हे गृहस्थ नियमांची पुस्तिका खिशात घेऊन फिरतात आणि माणूस बोलायला लागला की तिच्यावर हात ठेवतात. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

“गच्चीवर कोणतीही वस्तू बसवता येणार नाही,” ते म्हणाले.

“वस्तू नाही हो, साधी तार आहे.”

“तार वस्तू नाही तर काय व्यक्ती आहे?”

मी नमस्कार करून परत आलो. पण या बोलण्यामुळे इमारतभर बातमी झाली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या दंतवैद्यांनी सांगितलं की खिडकीच्या गजांना तार गुंडाळा, त्यांच्या मेव्हण्याने तसं करून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली होती. मी गुंडाळली. त्यानंतर रेडिओवर दंतवैद्यांचंच यंत्र ऐकू यायला लागलं, आणि अण्णांनी डोळे मिटूनच सांगितलं की आता कोणाची तरी दाढ कोरतायत. दुसऱ्या एका शेजाऱ्याने रेडिओ पाण्याच्या पिंपावर ठेवायला सांगितलं. आम्ही ठेवला. मग तो पिंपात पडू नये म्हणून दुपारभर मी त्याला मिठी मारून बसलो. लिफ्ट चालू झाली की खरखर वाढते असा शोध लागल्यावर मी खाली उभं राहून रविवारच्या दुपारी लोकांना जिन्याने जायची विनंती केली. त्यात सेक्रेटरींच्या सासूबाई होत्या. तो प्रसंग मी सांगणार नाही.

या सगळ्या काळात अण्णा मला सूर्याबद्दल काहीतरी समजावून सांगत असत. मी मान डोलवत पेपर वाचत असे. सासरे बोलत असताना मान डोलवायची सवय मला लग्नापासून आहे, आणि ती आजवर कधी अंगाशी आली नव्हती.

शेवटून दुसरा रविवार जवळ आला. बेटाचा पत्ता नव्हता. अण्णा आता काटासुद्धा फिरवत नव्हते, नुसते रिकाम्या चौकोनाकडे बघत बसत. मला त्यांची खरोखर दया आली. आरामखुर्ची गेली त्याचं दुःख होतंच, पण तिच्यात बसलेला माणूस असा विझत चाललेला बघवेना. त्या भरात मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराला सगळं सांगितलं.

दुकानदार हा अतिशय आनंदी आणि बेजबाबदार माणूस आहे. तो म्हणाला, “बेट येत नाही ना? मग तुम्हीच बेट व्हा.”

त्याने टेबलाखालून एक खोकं काढलं. रेडिओ तपासायला दुरुस्तीवाले असलं खोकं वापरतात. त्याच्यावर हवा तो काटा लावला की ते स्वतःच एक इवलंसं स्टेशन होतं, आणि माइक जोडला की आपला आवाज खोलीतल्या रेडिओवर येतो. “फार लांब जात नाही,” तो म्हणाला. “घरातल्या घरात. कोणाला कळणारसुद्धा नाही.” माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं ‘कोणाला कळणारसुद्धा नाही’ या वाक्याने सुरू झाली आहेत, तरीही मी ते खोकं पिशवीत घालून घरी आणलं.

रविवारी दुपारी अण्णा बाल्कनीच्या खोलीत हेडफोन लावून बसले आणि मी घराच्या दुसऱ्या टोकाला बाथरूममध्ये शिरलो. गीझरच्या प्लगवर खोकं लावलं. बादली उलटी करून तिच्यावर बसलो. आवाज पोचावा म्हणून खोक्याची तार खिडकीतून बाहेर काढून मागच्या कपडे वाळत घालायच्या तारेला जोडली. ही कल्पना माझी स्वतःची होती आणि तिचा मला तेव्हा अभिमान वाटला. तोंडावर रुमाल धरला, माउथ ऑर्गनवर एक सागरी वाटेल अशी धून वाजवली आणि इंग्रजीतून बेटाचं नाव घेऊन श्रोत्यांचं स्वागत केलं.

हवामान सांगितलं. बोटींच्या वेळा सांगितल्या. मग लक्षात आलं की माझ्याजवळचं बेट संपलं. अजून बराच वेळ काढायचा होता, कारण अण्णांना लिहायला मजकूर पुरला पाहिजे. म्हणून मी एक शेळी हरवल्याची बातमी दिली. तपकिरी, एक शिंग मोडलेलं, स्वभावाने मनमिळाऊ. त्यानंतर काहीच सुचेना तेव्हा तोंडाला जे इंग्रजी सवयीचं आहे ते आपोआप बाहेर पडलं, आणि मी बेटवासीयांना होड्यांचा विमा वेळेवर उतरवण्याबद्दल चार शब्द सांगितले. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. बायकोने दारावर थाप मारून काहीतरी विचारलं. मी घाईघाईने माउथ ऑर्गन वाजवला आणि प्रक्षेपण संपवलं.

बाहेर आलो तर अण्णा बाल्कनीच्या दारात उभे होते. डोळ्यांत पाणी. हेडफोन गळ्यात, आणि त्याची वायर मागून रेडिओला ओढत आणलेली.

“आलं, जावईबापू,” ते म्हणाले. “बेट आलं. असं स्पष्ट, जणू घरातूनच बोलतायत.”

मला जे सुख झालं ते सांगता येणार नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि तो ओला का आहे हेसुद्धा विचारलं नाही. तेवढ्यात भूगोलबाई धापा टाकत आल्या. कार्यक्रम चालू असताना अण्णांनी त्यांना फोन केला होता, आणि कपड्यांच्या तारेच्या कृपेने त्यांच्याही रेडिओवर बेट खणखणीत लागलं होतं. पण बाईंचा चेहरा आनंदी नव्हता. भुताला भेटून आल्यासारखा होता.

“अण्णा, हे शक्य नाही,” त्या म्हणाल्या. “आत्ता वेधशाळेचा निरोप आला. दुपारी सूर्यावर मोठा भडका उडालाय. जगाच्या उजेडातल्या अर्ध्या भागात शॉर्टवेव्ह ठार बंद आहे.”

“तेच म्हणतो मी,” अण्णा म्हणाले. “मी सगळा काटा फिरवून बघितला. जगात एकही स्टेशन नव्हतं. खरखरसुद्धा मेलेली. आणि त्या मसणवट्यात एकटं बेट चालू.”

आता मला सूर्याबद्दल ऐकावंच लागलं. अण्णांनी काठीने छताकडे दाखवत समजावलं. आकाशात फार उंच एक थर आहे, तो सूर्यामुळेच तयार होतो. लांबच्या स्टेशनच्या लहरी त्या थरावर आपटून खाली येतात, खोलीच्या छतावर चेंडू आपटावा तशा. म्हणून गोल पृथ्वीच्या पलीकडचं आपल्याला ऐकू येतं. पण सूर्य भडकला की त्या थराच्या खालच्या बाजूला जणू गादी बसते, आणि चेंडू तिच्यात रुतून बसतो. तास-दोन तास काही परत येत नाही. “गादीतून चेंडू परत आलाय, जावईबापू,” ते म्हणाले. “असं आजवर झालेलं नाही.”

जगात हजारो दिवस असताना नेमका हाच दिवस मला सापडला. आमच्या कंपनीत एखाद्याने असा दावा दाखल केला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण अण्णा भूगोलबाईंना सांगत होते, “आयुष्यभर लोक मला रिकामटेकडा म्हणाले. या वयात हातून काहीतरी घडलं.” माझं तोंड आपलं आपण मिटलं. संध्याकाळी जेवताना ते म्हणाले की मीठ कमी आहे, आणि बायकोने माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघितलं की सत्य आणखी एक पायरी खाली गेलं.

दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोन जाणत्या श्रोत्यांनी एकच गोष्ट ऐकली, याला शास्त्रात म्हणे फार किंमत असते. भूगोलबाईंनी वेधशाळेला फोन केला. वेधशाळेने वायरलेस खात्याला विचारलं की तुमच्याकडे याची काही नोंद आहे का. वायरलेस खात्याने सांगितलं की आमच्याकडे नोंद नाही, आणि ज्याची आमच्याकडे नोंद नाही ते एकतर घडलेलं नसतं किंवा बेकायदेशीर असतं. त्यामुळे त्याच आठवड्यात आमच्या दारात दोन माणसं उभी राहिली. वेधशाळेच्या मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या होत्या आणि वायरलेस खात्याचे साहेब लाखेची कांडी घेऊन.

मॅडम अत्यंत नम्र होत्या. त्यांनी अण्णांना खुर्चीत बसवून सगळं विचारलं. अण्णांनी बेटावरच्या लोकांविषयी बरीच माहिती दिली. लोक दर्यावर्दी, संगीतप्रेमी आणि विम्याबाबत फार जागरूक. मागे जहाजाचा भोंगा वाजत होता, म्हणजे स्टेशन बंदराजवळ असावं. भूगोलबाईंनी शेळीची चौकशी केली. ती सापडली का हे वेधशाळेला कळेल असं त्यांना वाटत होतं. मी कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांना पाणी देत होतो, आणि ज्यांचं पिऊन झालं त्यांना पुन्हा देत होतो.

“रेकॉर्डिंग आहे का?” मॅडमनी विचारलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अण्णा ज्या रेडिओला कान लावतात त्यालाच एक टेपरेकॉर्डरही लावतात, ही गोष्ट मी पेपर वाचत असताना मला कधीतरी सांगितली गेली असणार. कॅसेट लावली. खोलीत माझा रुमालातला आवाज घुमला. बायकोने माझ्याकडे बघितलं. मग तिने बाथरूमकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

“मागचा आवाज जरा उचलून बघू,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी आवाज लॅपटॉपमध्ये घेतला आणि कसली तरी बटणं दाबली. निवेदक लांब गेला. जहाजाचा भोंगा जवळ आला, आणि तो अगदी आमच्या कुकरसारखा वाजला. मग त्या दूरच्या बेटावर कोणीतरी दारावर थाप मारली, आणि माझ्या बायकोचा आवाज शुद्ध मराठीत म्हणाला, “अहो, बाथरूममध्ये बसून कोणाशी बोलताय?”

साहेबांनी लाखेची कांडी खिशातून बाहेर काढली.

मी सगळं सांगितलं. दुकानदाराचं नाव सोडून सगळं. अण्णा ऐकत होते. त्यांचा चेहरा मी या आधी एकदाच असा बघितला होता, सासूबाई गेल्या तेव्हा. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, हेडफोन खुंटीला अडकवला आणि म्हणाले, “मॅडम, तुम्हाला उगीच लांबून यावं लागलं. माफ करा.” माझ्याशी ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी काठीने माझी दिशासुद्धा दाखवली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना मात्र फार काम होतं. परवाना नसलेलं प्रक्षेपण केंद्र सापडलं की त्याची पाहणी करून जागा सील करायची असा त्यांच्याकडे नियम आहे.

“केंद्र कुठे आहे?”

“बाथरूममध्ये.”

“केंद्राची उंची?”

“बादलीवर बसलं तर गीझरपर्यंत.”

“केंद्रप्रमुख?”

मी हात वर केला. साहेबांनी खोकं ताब्यात घेतलं, बाथरूमच्या दाराला कुलूप घातलं, कुलपावर फडकं बांधलं आणि फडक्यावर लाख ओतून शिक्का मारला. वरिष्ठांचा आदेश येईपर्यंत केंद्रात कोणी प्रवेश करायचा नाही. मी विचारलं की अंघोळीचं काय. ते म्हणाले की अंघोळ त्यांच्या खात्यात येत नाही.

पुढचे दिवस आमचं कुटुंब खांद्यावर टॉवेल टाकून दारोदार फिरत होतं. दंतवैद्य सकाळी पेशंट येण्याआधी सोडायचे. मला सेक्रेटरींकडे जावं लागायचं. त्यांच्या सासूबाई दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि मधूनमधून मोठ्याने विचारत, “आज काय बातम्या?” साबण लावलेल्या माणसाला स्वाभिमान राखणं किती अवघड असतं हे ज्याने राखून पाहिलंय त्यालाच कळेल.

पण हे सगळं मी सोसलं असतं. मला बोचत होतं ते वेगळंच. शेवटचा रविवार उद्यावर आला होता, आणि अण्णांनी हेडफोन खुंटीवरून काढला नव्हता. भूगोलबाईंनी येऊन सांगितलं की सूर्य आता शांत आहे, भडका वगैरे काही नाही, पण त्याच्यावर डाग भरपूर आहेत. डाग असले की वरचा तो थर पक्का होतो आणि लांबलांबचे चेंडू परत येतात. “असा योग पुन्हा यायचा नाही, अण्णा. एक चांगली उंच तार तेवढी हवी.”

अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, “तार बसवायची परवानगी नाही.”

मी तडक सेक्रेटरींकडे गेलो. टॉवेल न घेता गेलो म्हणून ते आधी गोंधळले. मी म्हणालो, “तुमचा नियम वाचून दाखवा.” त्यांनी पुस्तिका काढली. गच्चीवर कोणतीही वस्तू बसवता येणार नाही.

“बसवता येणार नाही,” मी म्हणालो. “धरता येईल?”

सेक्रेटरींनी पान उलटून बघितलं, मागचं पान बघितलं, मुखपृष्ठ बघितलं. या माणसाबद्दल माझं मत वाईट आहे, पण तो नियमाशी बेइमानी करत नाही. “धरण्याबद्दल काही म्हटलेलं नाही,” तो शेवटी म्हणाला.

रविवारी दुपारी मी गच्चीवर उभा राहिलो. कपडे वाळत घालायच्या दोन काठ्या एकमेकींना बांधल्या होत्या, त्यांच्या टोकाला तार, आणि तार तिथून खाली अण्णांच्या बाल्कनीत सोडलेली. भूगोलबाईंनी अण्णांना जवळजवळ ढकलूनच रेडिओपुढे बसवलं होतं. बायको जिन्यात उभी राहून निरोप पोचवत होती. “जरा डावीकडे.” मी डावीकडे झालो. “फार झालं.” मी उजवीकडे झालो. “तिथेच थांबा, हलू नका, श्वास हळू घ्या.” वर सूर्य तळपत होता. हात भरून आले, मान अवघडली, घाम डोळ्यांत गेला, आणि दोन्ही हात काठीला असल्यामुळे तो पुसता येईना. मी सूर्याकडे बघून मनात म्हटलं, बाबा रे, मागचं सगळं माझ्या नावावर टाक, पण आज म्हाताऱ्याचं एवढं काम कर.

मग खालून निरोप येणं थांबलं. इमारत गप्प होती, कारण लिफ्ट बंद होती, आणि ती माझ्या सांगण्यावरून नव्हे तर सेक्रेटरींच्या सासूबाईंनी तिच्या दारात खुर्ची टाकली होती म्हणून.

जिन्यात काठीचा आवाज आला. अण्णा स्वतः गच्चीवर आले होते. काठी या वेळी त्यांनी खरोखर टेकली होती.

“लागलं,” ते म्हणाले. “बोटींच्या वेळा सांगितल्या. वारा सांगितला. शेवटी सगळे जण माइकपुढे येऊन एकेक शब्द बोलले आणि बंद झालं.”

“स्पष्ट होतं?” मी विचारलं. माझे हात अजून वरच होते.

“तुमच्याइतकं नव्हतं,” अण्णा म्हणाले. “काठी खाली घ्या आता. रंग काय झालाय तोंडाचा.”

ते माझ्याशी बोलले. मी काठी खाली घेतली आणि तिथेच गच्चीवर फतकल मारून बसलो. खरं सांगायचं तर मी थोडा रडलो, आणि घाम आधीच असल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही.

सोमवारी सकाळी चहाच्या कपाखाली एक कागद होता. अण्णांचं वळणदार अक्षर. मजकूर होता: ‘केंद्र: बाथरूम. स्पष्टता: उत्तम. खरखर: नाही. निवेदक: इंग्रजी बेताचं. विम्याचा भाग कंटाळवाणा. संगीत: टाळावे. वरील प्रक्षेपण मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. कृपया पोचकार्ड पाठवावे.’

“अण्णा, हे काय? ते खोटं स्टेशन होतं.”

“ऐकलं ते खरं होतं ना? मी लिहिलंय त्यात एक शब्द खोटा आहे का?” ते म्हणाले. “ज्याला ऐकलं त्याने कार्ड नाकारायचं नाही. नियम आहे.”

मी ऑफिसातून जाड पुठ्ठा आणला आणि त्यावर रंगीत पेनने एक बादली काढली, बादलीवर माणूस काढला, वर सूर्य काढला आणि खाली ‘होय, तुम्ही आम्हालाच ऐकलंत’ असं लिहून केंद्रप्रमुख म्हणून सही केली. मोठ्या अदबीने ते अण्णांपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतले.

“हातात दिलेलं चालत नाही. पोस्टाने यावं लागतं. शिक्का लागतो.”

तेव्हा मी आमच्याच घरून आमच्याच घरी एक पाकीट पाठवलं. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं, ती आमच्या खिडकीतून दिसते. दिवसांमागून दिवस गेले. बाथरूमचं सील निघालं, दंतवैद्यांशी संबंध सुधारले. मग एक दिवस सातासमुद्रांपलीकडून बेटाचं कार्ड आलं, लाटा आणि होडी छापलेलं. अण्णांनी ते मधल्या चौकोनात लावलं आणि शेजारचं एक जुनं कार्ड काढून दुसरा चौकोन रिकामा केला. कोपऱ्यावरचं पाकीट अजून आलेलं नाही. मी रोज संध्याकाळी पोस्टाच्या नावाने बोटं मोडत घरी येतो, आणि अण्णा आरामखुर्चीतून माझी समजूत काढतात.

“लहान स्टेशनांना वेळ लागतो, जावईबापू. आपण धीर धरायचा.”